नवा लॅपटॉप घेताय? आधी कामाची यादी, मग ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज, मॅक की लिनक्स हा प्रश्न बहुतेक जण उलट्या टोकाने सोडवतात. आधी लॅपटॉप डोळ्यांत भरतो, त्यात जी ऑपरेटिंग सिस्टिम असेल ती आपोआप पदरात पडते आणि दोन-तीन आठवड्यांनी कळतं की कामाचं अमुक सॉफ्टवेअर तिच्यावर चालतच नाही. तोवर लॅपटॉप परत करायची मुदत संपलेली असते.

दिसणं, वेग, ‘त्यात व्हायरस येत नाही म्हणे’ असल्या मुद्द्यांवर तासन्‌तास वाद घालता येतो, पण निवड त्यांच्यावर होत नाही. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, गाणी, साधी पत्रं आणि तक्ते हे सगळं कुठेही सारखंच चालतं. निवड ठरवते ती तुमच्या कामातली एखादीच अडेलतट्टू गोष्ट: एखादं सॉफ्टवेअर, एखादा जुना स्कॅनर, मॅक्रोंनी (एका क्लिकवर ठरलेली कामं उरकणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनी) भरलेली एखादी एक्सेल फाइल. ती सापडली की बाकीचे पर्याय आपसूक गळतात. सापडलीच नाही तर उत्तम, मग पैसे, वजन आणि सवय यांवर खुशाल ठरवा.

अडेलतट्टू शोधायचं कसं

आठवणीवर विसंबू नका. सध्या विंडोज वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स आणि त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स उघडा. मॅक असेल तर ॲप्लिकेशन्स फोल्डर उघडा. गेल्या वर्षभरात जे एकदा तरी वापरलंय ते कागदावर उतरवा. वर्षभराची अट मुद्दाम घातली आहे. रोजचं सॉफ्टवेअर कोणी विसरत नाही. विसरायला होतं ते वर्षातून एकदा कर भरताना लागणारं, किंवा ज्याच्यात दहा वर्षांपूर्वीच्या फाइली अडकल्या आहेत ते.

मग यूएसबीने जोडायची यंत्रं लिहा: प्रिंटर, स्कॅनर, लेबल छापायचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, ऑडिओ इंटरफेस, चित्रं काढायचा टॅबलेट. शेवटी दुसऱ्यांच्या नियमांमुळे लागणाऱ्या गोष्टी लिहा, म्हणजे कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारं सॉफ्टवेअर) किंवा कॉलेजचं परीक्षेचं सॉफ्टवेअर. परीक्षा चालू असताना स्क्रीन कुलूपबंद करणारे ब्राउझर सहसा विंडोज आणि मॅकसाठीच असतात, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) उघडले तर ते बहुधा सुरूच व्हायला नकार देतात. तिथे जुगाड चालत नाही.

आता प्रत्येक नावासाठी ते बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचं ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ पान बघा. काहींची उत्तरं पक्की आहेत. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस विंडोजवरच चालतात. लॅपटॉपवर फायनल कट प्रो, लॉजिक प्रो आणि एक्सकोड हवं असेल तर मॅकच घ्यावा लागतो, त्यामुळे आयफोनची ॲप बनवणाऱ्याचा प्रश्न तिथेच मिटतो. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, प्रीमिअर विंडोज आणि मॅकवर आहेत, लिनक्सवर नाहीत. ब्लेंडर, लिबरऑफिस, व्हीएस कोड तिन्हीकडे आहेत. दाविंची रिझॉल्व्हसुद्धा तिन्हीकडे आहे, पण लिनक्सवरच्या त्याच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ व्हिडिओ उघडत नाहीत. म्हणजे बऱ्याच कॅमेऱ्यांतून आणि फोनमधून निघालेली साधी क्लिपसुद्धा आधी दुसऱ्या स्वरूपात बदलून घ्यावी लागते.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘चालतं का?’ एवढं विचारून भागत नाही, ‘कसं चालतं?’ हेही विचारावं लागतं. एखादं सॉफ्टवेअर त्या सिस्टिमसाठीच बनवलेलं असेल, दुसऱ्या प्रोसेसरसाठीचं असून चालता चालता भाषांतरित होत असेल, व्हर्च्युअल मशीनमध्ये आख्खी दुसरी विंडोज उघडून तिच्यात चालत असेल किंवा ब्राउझरमधली अर्धीमुर्धी आवृत्ती असेल. चारही ठिकाणी उत्तर ‘चालतं’ असंच मिळतं.

मराठी टायपिंगची काळजी नको. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींसोबत येतो. अडतं ते युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या आजच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींपाशी, कारण त्या उघडणारी सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोजचीच आहेत. तसल्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून होईपर्यंत जुना लॅपटॉप मोडीत काढू नका.

एक्सेलची फाइल, जरा जवळून

‘मॅकवर पण एक्सेल आहे’ हे खरं आहे. साधे तक्ते, सूत्रं, पिव्होट टेबल यांत काही अडत नाही. मॅक्रोही चालतात, पण सगळे नाहीत, आणि कार्यालयातल्या फाइली नेमक्या त्या उरलेल्यांवर उभ्या असतात.

तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती विंडोजवरच करायची. फाइल उघडा, डेव्हलपर टॅबमध्ये डिझाइन मोड चालू करा आणि शीटवरच्या बटणावर एकदा क्लिक करा. फॉर्म्युला बारमध्ये ‘एम्बेड’ने सुरू होणारं सूत्र दिसलं तर ते बटण ॲक्टिव्हएक्स या विंडोजच्याच तंत्राचं आहे आणि मॅकवर ते काम करणार नाही. मग अल्ट आणि एफ११ एकदम दाबून कोड उघडा आणि शोध घ्या. ‘क्रिएटऑब्जेक्ट’ हा शब्द सापडला, ‘डिक्लेअर’ने सुरू होणाऱ्या ओळीत एखाद्या डीएलएल (विंडोजच्या मदतनीस) फाइलचं नाव दिसलं किंवा ‘सी’ ड्राइव्हचा पत्ता थेट लिहिलेला आढळला, तर तो भाग मॅकवर अडखळणार असं धरून चला. पॉवर पिव्होट वापरत असाल तर ते मॅकच्या एक्सेलमध्ये नाहीच.

यातलं काहीच सापडलं नाही, तर एक्सेलच्या नावाखाली विंडोज घ्यायचं कारण उरत नाही. लिनक्सवर मात्र मायक्रोसॉफ्टचं एक्सेल ब्राउझरमध्येच मिळतं आणि तिथे व्हीबीए या एक्सेलच्या भाषेत लिहिलेले मॅक्रो चालत नाहीत. लिबरऑफिस काही मॅक्रो पेलतं, पण भरवसा ठेवण्याआधी खरी फाइल उघडून बघावी.

विंडोज घेताना आधी प्रोसेसर बघा

‘विंडोज ११’ लिहिलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. एकात इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो, दुसऱ्यात आर्म पद्धतीचा, बहुधा स्नॅपड्रॅगन. आर्मवाल्या लॅपटॉपची बॅटरी सहसा चांगली टिकते आणि तो गरम कमी होतो. इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं त्यावर प्रिझम नावाच्या भाषांतर करणाऱ्या थरातून चालतात, आणि बरीचशी बऱ्यापैकी चालतात.

अडचण आहे ड्रायव्हरची, म्हणजे यंत्र आणि सिस्टिम यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची. सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला असावा लागतो. प्रिझमचं भाषांतर तिथवर पोहोचत नाही. म्हणून फोटो एडिटर झकास चालतो, पण आठ वर्षांचा स्कॅनर, सहीचं टोकन, एखादं व्हीपीएन आणि फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम अडून बसतात. नवे प्रिंटर विंडोजमधल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर निभावून नेतात, जुन्यांची खात्री नाही. यादीत यूएसबीची जुनी यंत्रं असतील तर सरळ इंटेल किंवा एएमडी घ्या. बॉक्सवर नीट लिहिलेलं नसेल, तर दाखवायला ठेवलेल्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडून ‘सिस्टिम टाइप’ची ओळ वाचा. तिथे आर्म लिहिलेलं असेल तर कळतंच.

‘कोपायलट प्लस’च्या बिल्ल्याला फार भुलू नका. त्याचा अर्थ इतकाच की सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर), किमान १६ जीबी रॅम आणि किमान २५६ जीबी स्टोरेज आत आहे. रॅमची खात्री म्हणून तो ठीक आहे, पण तुमचं सॉफ्टवेअर चालेल की नाही हे तो सांगत नाही.

होम की प्रो? घरच्या वापराला होम पुरतं. होमवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने जाता येतं, पण बाहेरून होमवर येता येत नाही. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीनची सोय), ग्रुप पॉलिसी (कंपनीचे नियम लावायची सोय) आणि कंपनीच्या डोमेनला जोडणं हेही प्रोमध्येच आहे. गरज पडली तर होमचं प्रो नंतर स्टोअरमधून करता येतं, त्यामुळे ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून आधीच पैसे भरू नका. काही लॅपटॉपवर ‘एस मोड’ असतो आणि त्यात फक्त स्टोअरमधली ॲप चालतात. तो काढायला पैसे पडत नाहीत, मात्र एकदा काढला की परत लावता येत नाही.

जुना साठा किंवा दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेताय आणि त्यावर विंडोज १० आहे, तर थांबा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि लॅपटॉपमध्ये साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझन ३००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो. याहून जुन्या लॅपटॉपवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे विक्रेते असतात. तो सुरू होतो, चालतोही, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आणखी एक गोष्ट, जिने लोकांचा डेटा कायमचा गेलेला आहे. नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की डिस्क बहुतेकदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि ती उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. सेटअप विक्रेत्याने स्वतःच्या किंवा कामचलाऊ खात्याने उरकून दिला, तर की तिकडे जाते. सहा महिन्यांनी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर निळी स्क्रीन ती की मागते आणि देणार कोण? म्हणून पहिला सेटअप स्वतःच्या खात्याने स्वतः करा, की शोधून कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा.

मॅक: एकदा घेतला की वाढवता येत नाही

मॅकबुकमध्ये रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही. घेताना जे घ्याल त्यावरच पुढची सगळी वर्षं काढायची. साध्या कामाला १६ जीबी पुरेत. व्हर्च्युअल मशीन, मोठे व्हिडिओ किंवा ढीगभर फोटो असतील तर २४ किंवा अधिक घ्या. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी रॅम वाढवा, कारण जागा बाहेरच्या एसएसडीनेही भागवता येते.

मॅकवर विंडोज टाकता येतं हे जुनं ज्ञान आता विसरा. ती बूट कॅम्पची सोय इंटेल मॅकवर होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची एम१ चिप आली आणि ॲपलच्या चिपवर ही सोय बंद झाली. आता पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ११ उघडता येतं, पण ते आर्मचं विंडोज. म्हणजे वर सांगितलेलं ड्रायव्हरचं दुखणं इथेही जसंच्या तसं. हिशेबाचं एखादं छोटं विंडोज सॉफ्टवेअर असेल तर जमेल, जुन्या टोकनसाठी मॅक घेऊन वर पॅरलल्स घालणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

स्वस्तात मिळणारा इंटेल मॅकही टाळा. २०२५ चा मॅकओएस २६ टाहो हा इंटेल मॅकवर चालणारा शेवटचा. जी मॅक सॉफ्टवेअरं अजून इंटेलसाठीच लिहिलेली आहेत ती नव्या मॅकवर रोझेटा २ या ॲपलच्या भाषांतर करणाऱ्या थरातून चालतात, आणि ॲपलने सांगितल्याप्रमाणे ही सोय पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच आहे. हातात मॅक असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘काइंड’चा रकाना बघा. तिथे ‘इंटेल’ लिहिलेलं सॉफ्टवेअर पुढे अडवेल.

बाहेरचे मॉनिटर हा मॅकचा छुपा खड्डा आहे. साध्या एम१ आणि एम२ च्या मॅकबुकला एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. एम३ च्या मॅकबुक एअरला झाकण मिटल्यावर दोन जोडता येतात आणि एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन. त्यातून विंडोज लॅपटॉपसोबत चालणारा दोन एचडीएमआयचा साधा हब मॅकला लावला तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं, कारण एका केबलमधून दोन वेगळी चित्रं नेणारी एमएसटी पद्धत मॅकओएस त्या कामासाठी वापरत नाही. हब बिघडलेला नसतो. थंडरबोल्ट किंवा डिस्प्लेलिंकचा डॉक घ्यावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो.

जुनी बॅकअप डिस्क मॅकला जोडली की फाइली दिसतात, उघडतात, पण नवी फाइल काही ठेवता येत नाही. डिस्क खराब झाली असं वाटतं, खरं कारण ती एनटीएफएस या विंडोजच्या साठवण पद्धतीत आहे आणि मॅक ती फक्त वाचतो. दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट या दोघांना चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी दुसरी प्रत काढा.

क्रोमबुक

ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्याला क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, पुष्कळ झालं, आणि देखभाल जवळजवळ शून्य. विंडोजची सॉफ्टवेअरं चालत नाहीत, अँड्रॉइडची बरीच ॲप चालतात. घेताना एकच तारीख बघा: आपोआप अपडेट कधी बंद होणार ती. २०२१ पासूनच्या मॉडेलना १० वर्षं अपडेट आहेत, पण ही वर्षं तुमच्या खरेदीपासून धरत नाहीत, त्या हार्डवेअरचा प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून धरतात. चार वर्षं जुनं मॉडेल आज ‘नवं’ म्हणून घेतलं तर सहाच उरली. लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’खाली ही तारीख दिसते. रॅम शक्यतो ८ जीबी घ्या, ४ जीबीवर दहा-बारा टॅब उघडले की धाप लागते.

लिनक्स: घेण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

लिनक्सचा मोठा फायदा असा की ते लॅपटॉपवर न टाकताही चालवून बघता येतं. तरीही ‘माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर मस्त चालतं’ यावर लोक हजारोंची खरेदी करतात. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळी वायफाय कार्डं असू शकतात, त्यामुळे मित्राचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

लिनक्सचे प्रकार बरेच आहेत; पहिल्यांदा वापरणाऱ्याने उबुंटूची एलटीएस (लांब मुदतीच्या अपडेटची) आवृत्ती किंवा लिनक्स मिंट घ्यावं. उबुंटू एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. २४.०४ ला २०२९ पर्यंत आहेत आणि तिच्यावर आधारलेल्या मिंट २२ लाही तितकेच. फेडोरा नव्या हार्डवेअरला लवकर सामावून घेतं, पण त्याच्या प्रत्येक आवृत्तीचं आयुष्य साधारण १३ महिने. दरवर्षी अपग्रेड करायचा कंटाळा असेल तर तिकडे जाऊ नका.

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाईल). डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (आख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा बॅलेनाएचर या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची की दाबत राहा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९ किंवा ईएससी अशी वेगळी असते. पेनड्राइव्ह निवडा आणि ‘ट्राय’ म्हणा, ‘इन्स्टॉल’ नाही. उबुंटू, मिंट आणि फेडोरा सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असतानाही सुरू होतात, म्हणून ते बंद करायला जाऊ नका. विंडोज एन्क्रिप्ट झालेलं असेल तर तेवढ्यानेही ते रिकव्हरी की मागू शकतं.

मग वीस मिनिटं या क्रमाने घालवा:

१. वायफायला जोडून एखादा व्हिडिओ लावा. इंटेलची कार्डं सहसा लगेच चालतात, काही ब्रॉडकॉमना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.
२. स्पीकर, माइक आणि कॅमेरा वेगवेगळे तपासा. नव्या लॅपटॉपवर स्पीकर चालतो आणि माइक मुका, असं होतं.
३. स्क्रीनचा प्रकाश आणि आवाज कमी-जास्त करायची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, ब्लूटूथ, एचडीएमआयने दुसरा मॉनिटर.
४. बॅटरी किती टक्के आहे ते लिहा, झाकण मिटा, दहा मिनिटांनी उघडा. स्क्रीन काळीच राहिली किंवा तेवढ्यात दोन-तीन टक्के उतरले, तर रात्रभरात बॅगेत लॅपटॉप तापून रिकामा होणार.
५. बोटाच्या ठशाचा सेन्सर. हा बऱ्याचदा चालत नाही, आणि त्याच्यावाचून फारसं अडतही नाही.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. वायफाय कार्ड बदलता येतं किंवा यूएसबीचा छोटा डोंगल लावता येतो, पण झोपेतून न उठणाऱ्या लॅपटॉपवर घरगुती उपाय जवळपास नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर तिचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल मॉक’ असा पर्याय येतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि मग मंद ग्राफिक्सबद्दल लोक लिनक्सला शिव्या देतात.

गेम खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्टीमवरचे बरेच विंडोज गेम प्रोटॉन या मधल्या थरामुळे लिनक्सवर चालतात, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. यादीत असे गेम असतील तर इंटेल किंवा एएमडीवरचं विंडोज घ्या, विषय संपला.

विंडोजशेजारी लिनक्स ठेवायचं असेल तर

विंडोज आधीपासून असू द्या, लिनक्स नंतर टाका. सुरुवात करण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि डेटाची प्रत बाहेर काढा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ‘सी’ ड्राइव्ह लहान करून ६० ते १०० जीबी जागा मोकळी सोडा. पार्टिशन लहान करायचं काम विंडोजलाच करू द्या. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. काही इंटेल लॅपटॉपवर बायॉसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत चालू असते, ती बंद करून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत लावावी लागते. पण ते थेट बदललं तर विंडोज सुरूच होत नाही. आधी विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये जाऊन बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग खूण काढा. रिकव्हरी की इथे मागितली जाईल, हाताशी ठेवा. दोन्ही टाकून झाल्यावर घड्याळ काही तासांनी पुढे-मागे दिसलं तर बॅटरी गेलेली नाही. विंडोज हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळेवर. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं.

ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय किंवा फ्रीडॉस या साध्या मोफत सिस्टिमसह विकला जाणारा लॅपटॉप लिनक्सवाल्यांना परवडतो. विंडोजच घालायचं असेल तर परवान्याची किंमत आधी मिळवून बघा, बहुतेकदा फायदा उरत नाही. विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची परवान्याची की मदरबोर्डवर साठवलेली असते, त्यामुळे डिस्क पुसून पुन्हा तीच आवृत्ती टाकली तर ती आपोआप सक्रिय होते. अगदी किरकोळ किमतीत विकल्या जाणाऱ्या सुट्या की घेऊ नका, त्या पुढे कधीही बाद होऊ शकतात.

लॅपटॉप हातात आल्यावर

परत करायची मुदत किती दिवसांची आणि खोका उघडलेला चालतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. लॅपटॉप आला की पहिल्या दिवशी वॉलपेपर बदलत बसू नका. कागदावरच्या यादीतली सर्वांत अवघड गोष्ट आधी करून बघा: जुन्या स्कॅनरवर एक पान स्कॅन करा, टोकनने एक खरी सही करा, व्हीपीएनला जोडा, मॅक्रोची फाइल उघडून त्यातली बटणं दाबा, दोन्ही मॉनिटर लावा. हे सगळं जमेपर्यंत जुन्या लॅपटॉपला हात लावू नका आणि नव्याची डिस्क पुसू नका.

लिनक्स टाकणार असाल तर त्याआधी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवा, म्हणजे परत करायची वेळ आली तर लॅपटॉप मूळ स्थितीत आणता येईल. मॅक परत करताना सेटिंग्जमधून ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करा, त्याने ॲक्टिव्हेशन लॉकही (मॅक तुमच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप) निघतो. तो तसाच राहिला तर पुढच्या माणसाला मॅक उघडणार नाही आणि तुमचे पैसे अडकून पडतील. क्रोमबुकला पॉवरवॉश (सगळं पुसून मूळ स्थितीत आणणं) पुरतो.